बिनकल्हईचे पातेले

जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये चांदीचे दोन प्रचंड कलश आहेत. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी महाराजा सवाई माधोसिंह (दुसरे) विलायतेस निघाले, तेव्हा परदेशात पिण्यासाठी त्यांनी अशा कलशांतून गंगाजल नेले. नाणी वितळवून घडविलेल्या एकेका कलशाचे वजन साडेतीनशे किलोच्या आसपास आहे. पाण्याइतकीच भांड्याचीही शुद्धी जपणारी ही वृत्ती केवळ राजवाड्यातली नव्हे. सामान्य गृहस्थाला चांदी परवडत नसे. त्याची सारी भिस्त तांब्यापितळेवर. चिंचेने घासून सोन्यासारखे झळझळीत केलेले पितळी पातेले म्हणजे गृहिणीच्या टापटिपीची खूणच. अशा भांड्यावर कोणी संशय घ्यावा तरी कसा?

परंतु याच भांड्याशी एका दुखण्याचा इतिहास जडलेला आहे. १८८७ साली कलकत्त्यात तान्ह्या मुलांच्या यकृताच्या एका विकाराची नोंद वैद्यकाने केली. एक ते तीन वर्षांचे मूल चिडचिडे होई, त्याचे पोट फुगे, यकृत दगडासारखे कठीण लागे, पुढे कावीळ होई आणि काही महिन्यांत सारे संपे. एकाच घरात दोन-दोन, तीन-तीन भावंडे अशी गेली. कोणी दैवाला बोल लावला, कोणी आईच्या दुधाला. वैद्यकानेही अनेक तर्क केले: कोणी आनुवंशिक दोष म्हटले, कोणी विषाणू, कोणी बुरशी लागलेले धान्य.

उलगड्याची दिशा १९७८ च्या सुमारास दिसू लागली. अशा मुलांच्या यकृताच्या तुकड्यांत तांब्याचे साठे आढळले. मोजून पाहता प्रमाण नेहमीच्या कित्येक पट भरले. मग हे तांबे आले कोठून? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या प्रश्नाचा माग थेट स्वयंपाकघरापर्यंत नेला. मुलाला वरचे दूध केव्हा सुरू झाले, ते कशात तापविले, कशात ठेवले, हे मातांना विचारले गेले. उत्तरे वारंवार एकाच ठिकाणी येऊन थांबत: वरचे दूध फार लवकर, आणि तेही बिनकल्हईच्या तांब्यापितळेच्या भांड्यात. १९८३ साली ही शंका ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडली गेली.

वास्तविक तांबे हे शरीराचे शत्रू नव्हे. लोहाचा उपयोग करून घेण्यास, मज्जातंतूंच्या पोषणास ते आवश्यकच आहे. प्रौढ माणसाला दिवसाकाठी सुमारे एक मिलिग्रॅम पुरते. जास्तीचे तांबे यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. तान्ह्या मुलाचे मात्र वेगळे. जन्मतःच त्याच्या यकृतात तांब्याची शिदोरी असते, कारण आईच्या दुधात ते थोडकेच असते. आणि जास्तीचे बाहेर टाकण्याची शक्ती अजून कोवळी असते. पितळेत ठेवलेले पाणी थोडे तांबे घेते. दूध पुष्कळ घेते, कारण त्यातील केसीन हे प्रथिन ते धरून ठेवते.

आंबट पदार्थ पितळेत ठेवला की तो कळकतो, हे मराठी गृहिणीला ठाऊक होते. म्हणूनच तर कल्हईवाला दारी येई आणि नवसागराच्या धुरात भांड्याला कथलाचा पातळ लेप देई. पण दूध ना आंबट, ना कळकलेले दिसे. डोळ्याला आणि जिभेला जे कळले नाही, ते यकृताने सोसले.

हे दुर्दैव एकट्या भारताचे नव्हते. ऑस्ट्रियातील टिरोल प्रांतात १९०० ते १९७४ या काळात १३८ बालके अशाच विकाराने दगावली. तेथेही बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यांतील दूध होतेच, आणि काही घराण्यांतील जन्मजात दुबळेपणाही त्याला साथ देत असावा, असे अभ्यासकांनी १९९६ साली दाखविले. भांडी बदलली आणि रोगही ओसरला.

पुणे जिल्ह्यात भांडी बदलण्याचा सल्ला घरोघर पोहोचविल्यावर नवे रोगी घटत गेल्याचे १९९२ साली प्रसिद्ध झाले. स्टेनलेस स्टीलही तोवर घराघरांत शिरले होते. रोग लवकर ओळखला तर पेनिसिलामीन या औषधाने काही मुले वाचलीही. एके काळी घराणी उजाड करणारा हा विकार आज विरळा झाला आहे.

‘अति तेथे माती’ असे मराठी माणूस सहज म्हणून जातो. पण अति कशाला म्हणावे, हे धातू ठरवीत नाही. खाणाऱ्याचे वय आणि देह ठरवितो. बापाला जे सहज पचे, तेच पाळण्यातल्या लेकराला जड जाई. त्या मातांच्या हातून मायेत काही उणे पडले नव्हते. त्यांना हवी होती ती केवळ एक माहिती, आणि ती मिळायला जवळजवळ शंभर वर्षे लागली.