दोन पेडलांची पोर्श

जानेवारी २०२३ मध्ये आपल्या बडोद्यात लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. मंडळातले बरेच जण गेले होते. परत आल्यावर सगळ्यांच्या फोनमध्ये बॉनेट, दिवे, चाकांच्या तारा आणि चामड्याच्या सीटा. गिअरबॉक्सचं नाव कुणी काढलं नाही. त्यात नवल नाही म्हणा, तो बाहेरून दिसतच नाही. पण त्या काळी गाडी चालवणाऱ्याच्या हातापायांना नेमकं काय काम पडत होतं, हे समजून घ्यायचं तर तिथेच शिरावं लागतं. म्हणून आज एका न धड ऑटोमॅटिक, न धड साध्या गिअरबॉक्सविषयी लिहितो.

आधी थोडं मागे जाऊ. आपल्या जुन्या ट्रक ड्रायव्हरांना ‘डबल क्लच’ सांगावा लागत नाही. १९२०च्या दशकात बहुतेक गाड्यांना तो लागे, आणि चुकला की दाते करकरत. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश रणगाड्याचा एक जनक, वॉल्टर विल्सन, याने त्यावर तोड काढली. पुढचा गिअर एका छोट्या दांडीने आधीच निवडून ठेवायचा आणि हवा तेव्हा डावं पेडल दाबून सोडायचं, बस. याला प्रीसिलेक्टर म्हणत. हे आळशांचं खेळणं नव्हतं: १९३३ साली ताझिओ नुव्होलारीने अल्स्टरची टुरिस्ट ट्रॉफी शर्यत जिंकली ती असाच गिअरबॉक्स असलेल्या एमजी के३ मध्ये.

आता पोर्शकडे. १९६०च्या दशकात पोर्शचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिका, आणि अमेरिकेला ऑटोमॅटिकची सवय. पण ९११ चं इंजिन तेव्हा जेमतेम २ लिटरचं. त्या काळचा पूर्ण ऑटोमॅटिक बसवला असता तर त्यातली बरीच ताकद वाटेतच मुरली असती. मग १९६७ साली त्यांनी स्पोर्टोमॅटिक आणला.

त्यामागचा विचार इंजिनिअर म्हणून मला फार आवडतो. क्लच दोन कामं करतो. एक, थांबलेली गाडी उचलणं. दुसरं, गिअर बदलताना इंजिन क्षणभर तोडणं. क्लचप्लेट झिजते ती मुख्यतः पहिल्या कामात. आपण ‘हाफ क्लच’ म्हणतो तेव्हा. स्पोर्टोमॅटिकने ही दोन कामं वेगळी केली. गाडी उचलायला तेलाचा टॉर्क कन्व्हर्टर, त्याच्यामागे तोडाजोडीपुरती साधी कोरडी क्लचप्लेट, आणि त्यामागे नेहमीचा चार गिअरचा डबा. क्लचचं पेडलच नाही. गिअरचा दांडा हाताने हलवायला घेतला की त्यातला बारीकसा विजेचा स्विच जुळतो, इंजिनाच्या व्हॅक्यूमने क्लच सुटतो. दांडा सोडला की परत बसतो. कन्व्हर्टरला तेलही इंजिनाच्याच टाकीतून. कुठलाही कॉम्प्युटर नाही!

हे टिकतं हे दाखवायला पोर्शने त्याच वर्षी तो ९११ आर गाडीत घालून न्युर्बुर्गरिंगवरच्या ८४ तासांच्या ‘मॅरेथॉन द ला रूट’ला पाठवला. एल्फर्ड, हेरमान आणि नीरपाश या तिघांनी ती शर्यत जिंकली. साडेतीन दिवस!

नोकरीत असताना कामासाठी चार महिने स्टुटगार्टला होतो, तेव्हा एका सहकाऱ्याची अशी गाडी मला चालवायला मिळाली. शहर खोलगट वाडग्यात वसलेलं, बाहेर पडायचं तर चढ. नोये वाइनश्टायगं या रस्त्यावर त्याने मला बसवलं आणि एकच ताकीद दिली: दांड्यावर हात टेकवून बसायचं नाही. आपल्याकडे तर निम्मे लोक तसेच बसतात. इथे तसं केलं की क्लच सुटतो आणि इंजिन नुसतं बोंबलतं. गिअर बदलताना ॲक्सिलरेटर सोडायचा, दांडा ओढायचा, हात काढायचा, मग पाय द्यायचा. घाई केली तर झटका बसतो. सिग्नलला मात्र काहीच नाही: ब्रेक धरा, सोडा, गाडी आपली सरकते. अर्ध्या तासात हात जुळला. मला तरी ती सुस्त वाटली नाही.

पुढे चारांचे तीन गिअर झाले, मागणी आटली, आणि १९८० साली स्पोर्टोमॅटिक बंद पडला. इथून पुढची गोष्ट मला खटकते. बाजारात या गाड्यांना बरीच वर्षं कमी भाव मिळाला. दुरुस्ती करणारेही थोडे. त्यामुळे कित्येक मालकांनी तो डबा उतरवून साधा गिअरबॉक्स आणि तिसरं पेडल बसवलं. आपल्याकडे वाड्याचा लाकडी जिना ‘गैरसोयीचा’ म्हणून काढून लोखंडी लावतात, त्यातलाच प्रकार. वापरणाऱ्याची सोय मी समजू शकतो, गाडी त्याची आहे. पण पत्रा आणि रंग मूळचा ठेवण्यासाठी जीव टाकणारे हेच लोक, गाडी चालवायची रीतच काढून टाकतात आणि तरी तिला अस्सल म्हणतात, हे मला पटत नाही. स्विच, व्हॅक्यूमचा डबा, नळ्या भंगारात गेल्या की हा गिअरबॉक्स चालायचा कसा, हे कागदावरच उरतं.

अशी १९७०च्या आसपासची ९११ कुठे दिसली तर आधी पेडलं मोजा. दोन असतील तर मालकाला विनंती करून शेजारी बसून एक फेरी मारा, त्याचा उजवा हात बघत. तीन असतील आणि कागदपत्रांत स्पोर्टोमॅटिक लिहिलेलं असेल, तर उतरवलेला डबा कुठे आहे ते जरूर विचारा. कधीकधी तो गॅरेजच्या कोपऱ्यात तसाच पडलेला असतो.