औंढा नागनाथहून बौद्ध लेणी अभ्यास सहल : काय पाहावे, कसे वाचावे, काय टाळावे

हिंगोली जिल्ह्यातील गावागावांत बौद्ध विहार आहेत, वंदना होते, वर्षावासात ग्रंथवाचन होते. लेणी मात्र आपल्यापैकी अनेकांनी फक्त कॅलेंडरवर पाहिलेली असतात. औंढा नागनाथपासून अजिंठा आणि वेरूळ ही एका मुक्कामाच्या सहलीत होणारी ठिकाणे आहेत. तरुण मंडळे, महिला मंडळे आणि विद्यार्थी गटांना अशी सहल काढताना उपयोगी पडावी म्हणून ही माहिती एकत्र केली आहे.

बाबासाहेबांची १९३४ची सहल

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील महिलांना घेऊन वेरूळला गेलो होतो. बहुतेक जणी शेतमजुरी करणाऱ्या. लेण्यात बसल्यावर एका आजीने विचारले, "बाबासाहेब इथं आलते का रं?" तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही. घरी येऊन वाचले.

१९३४ साली चळवळीतील सहकाऱ्यांनी बाबासाहेबांसोबत सहलीला जाण्याची इच्छा व्यक्त केली. सहलीत वेरूळची बौद्ध लेणी असलीच पाहिजेत असे ठरले. नाशिकहून सुमारे तीस जण औरंगाबादकडे निघाले. त्या काळी औरंगाबाद निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. आपले औंढाही त्याच संस्थानात होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी धुळीने माखलेल्या या मंडळींनी दाराजवळच्या हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले. त्यावर ‘ढेडांनी हौद बाटवला’ असा आरडाओरडा झाला आणि जमाव जमला. शेवटी किल्ला पाहायची परवानगी मिळाली ती एका अटीवर : आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. त्यावर लक्ष ठेवायला एक हत्यारबंद शिपाई बरोबर दिला गेला. बाबासाहेबांनी हा प्रसंग ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत स्वतः लिहून ठेवला आहे.

म्हणजे कार्यकर्त्यांनी एकत्र येऊन लेणी पाहायला जाणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. धर्मांतराच्या बावीस वर्षे आधी बाबासाहेबांनी ती केली होती. सहलीला निघण्यापूर्वी हा प्रसंग गाडीत वाचून दाखवा.

लेणी म्हणजे काय

लेणी एकाच डोंगरातून वरून खाली, बाहेरून आत कोरलेली असतात. त्यात दगडावर दगड रचलेला नसतो. बौद्ध लेण्यांत मुख्यतः दोन प्रकार दिसतात. चैत्यगृह म्हणजे स्तूप असलेले वंदनास्थान. त्याची मागची बाजू बहुधा अर्धगोल असते आणि स्तूपाला प्रदक्षिणा घालता येते. विहार म्हणजे भिक्खूंचे निवासस्थान. मध्ये मोकळी जागा आणि तिन्ही बाजूंनी लहान खोल्या. बाजूला खडकात पाण्याची टाकी असते. तिला जुन्या शिलालेखांत ‘पोढी’ म्हटले आहे.

पावसाळ्यातील तीन महिने भिक्खूंनी एका जागी राहावे हा वर्षावासाचा नियम. बाकीचे महिने चारिका. त्यामुळे लेणी रानात असली तरी जगापासून तुटलेली नव्हती. ती व्यापारी मार्गांच्या जवळ आहेत आणि गावे, बाजारपेठा, घाट यांच्याशी जोडलेली आहेत.

लेणी कोणी कोरवली

‘राजाने लेणी बांधली’ असे गाइड सांगतो. ते अर्धेच खरे आहे. पितळखोऱ्याच्या शिलालेखांत पैठणच्या मितदेव नावाच्या गंधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे, दान नोंदले आहे. तिथेच मगिल या राजवैद्याच्या कुटुंबाची नावे आहेत. पितळखोऱ्यात सापडलेल्या यक्षमूर्तीवर कण्हदास या सोनाराने ती घडवल्याचे कोरले आहे. कुड्याच्या लेण्यांत माळ्याचे दान आहे. इतर ठिकाणी भिक्खुणींची, लोहारांची, गृहिणींची नावे सापडतात. कष्टकऱ्यांच्या आणि कारागिरांच्या दानातून संघ उभा राहिला, हे समाजशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकापेक्षा या भिंती स्पष्ट सांगतात.

आपल्या भागाचा धागाही यात आहे. अजिंठ्याचे दोन कालखंड आहेत. पहिला सातवाहन काळातला, इसवी सनापूर्वीचा. दुसरा पाचव्या शतकातला, वाकाटक राजा हरिषेणाच्या वेळचा. हरिषेण वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा. वत्सगुल्म म्हणजे आपल्या शेजारचे वाशिम. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे संघाला दान दिले. २६ क्रमांकाचे चैत्यगृह मात्र बुद्धभद्र या भिक्खूने करवले. हिंगोलीहून रेल्वेने अकोल्याकडे जाताना लागणारे वाशिम स्टेशन हे ज्यांच्या राजधानीचे गाव, त्यांच्याच काळात अजिंठा फुलला, हे आपल्या मुलांना माहीत असायला हवे.

मार्ग आणि क्रम

औंढा – जिंतूर – मंठा – जालना – भोकरदन – सिल्लोड – फर्दापूर (अजिंठा) – छत्रपती संभाजीनगर – वेरूळ आणि परत, हा क्रम सोयीचा आहे. पहाटे लवकर निघावे. रेल्वेने जायचे असेल तर परभणीहून संभाजीनगरची गाडी मिळते.

जिंतूर : जवळच नेमगिरीची लेणी आहेत. ती जैन आहेत. थांबलात तर मूर्तींतला फरक इथेच समजावून घ्या. पुढे वेरूळला उपयोग होतो.

भोकरदन : प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांवर या गावच्या दात्यांचे उल्लेख आहेत. आज तिथे पाहण्यासारखे फार नाही, पण जालना जिल्ह्यातील माणसांनी इतक्या दूरच्या स्तूपाला दान दिले, हे गाडीतून जाताना जरूर सांगावे.

अजिंठा : एकूण ३० लेणी. ९, १०, १९ आणि २६ ही चैत्यगृहे मुख्य. वेळ कमी असेल तर १, २, ९, १०, १६, १७, १९ आणि २६ पाहावीत. १७ क्रमांकात जातककथांची चित्रे आणि भवचक्र आहे. २६ मध्ये तथागतांच्या महापरिनिर्वाणाचे सुमारे ७ मीटर लांबीचे शिल्प आहे. तिथे गटाने शांत उभे राहावे. खासगी गाड्या फर्दापूरच्या फाट्यावर थांबवतात, पुढे तिथल्या बसने जावे लागते. सोमवारी अजिंठा बंद असते.

छत्रपती संभाजीनगरची लेणी : विद्यापीठामागच्या डोंगरात १२ लेणी. ४ क्रमांकाचे चैत्यगृह सर्वांत जुने. ३ क्रमांकात बुद्धमूर्तीसमोर गुडघे टेकून बसलेल्या उपासक-उपासिकांची शिल्पे आहेत. दोन हजार वर्षांच्या लेणी परंपरेत सामान्य उपासकांचे चेहरे इतक्या जवळून क्वचितच पाहायला मिळतात. ७ क्रमांकात आठ संकटांतून माणसांना तारणारा अवलोकितेश्वर आहे. खाली उतरल्यावर नागसेनवन आणि बाबासाहेबांनी उभे केलेले मिलिंद महाविद्यालय पाहिल्याशिवाय परतू नये.

वेरूळ : एकूण ३४ लेणी, १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. बहुतेक गाड्या थेट कैलास लेण्यापाशी थांबतात आणि वेळ तिथेच संपतो. आपण १ पासून सुरुवात करावी. १० क्रमांकाचे चैत्यगृह ‘विश्वकर्मा’ किंवा ‘सुतार की झोपडी’ म्हणून ओळखले जाते. १२ क्रमांक ‘तीन ताल’ हा तीन मजली विहार आहे. वेरूळ मंगळवारी बंद असते.

पितळखोरा : कन्नड तालुक्यात, गौताळा अभयारण्याच्या परिसरात. पायऱ्या खूप आहेत आणि पावसाळ्यात वाट निसरडी होते. वृद्धांना नेऊ नये; तरुणांची वेगळी सहल काढावी.

एका नावाची गोष्ट

वेरूळच्या ५ क्रमांकाच्या लेण्यात थोडा वेळ बसा. सुमारे ३५ मीटर लांबीचे हे दालन आहे आणि त्यात दगडाचे दोन लांब, बुटके बाक आहेत. भिक्खू इथे समोरासमोर बसत असावेत. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अभ्यासकांच्या नोंदींत वेरूळच्या बौद्ध लेण्यांच्या गटाला ‘ढेडवाडा’ आणि या लेण्याला ‘महारवाडा’ असे नाव आढळते. १९३४ मध्ये दौलताबादला बाबासाहेबांवर जो शब्द फेकला गेला, तोच या लेण्यांना चिकटवलेला होता.

आमच्या सहलीत ही माहिती मला असती, तर त्या आजीला सांगता आली असती. पुढच्या गटाला सांगितली तेव्हा एक मुलगा म्हणाला, "सर, म्हणजे वाडा आपलाच होता की." सगळे हसले. हसण्याच्या मागे काय आहे ते सगळ्यांना कळत होते.

दावा करताना पुरावा हवा

अनेक बौद्ध लेण्यांची ओळख पुसली गेली. नाशिकच्या लेण्यांना पांडवलेणी म्हणतात, लेण्याद्रीच्या विहारात गणपती आहे, कार्ल्याच्या चैत्याच्या दारात एकवीरेचे मंदिर आहे. हे बोललेच पाहिजे. पण म्हणून प्रत्येक जुन्या दगडी वास्तूपुढे ‘हे आपलेच’ असे लिहून व्हायरल करणे आपल्याच बाजूला कमकुवत करते. एक चुकीची पोस्ट उघडी पडली की दहा खऱ्या गोष्टींवर शंका घेतली जाते. स्तूप आहे का, भिक्खूंच्या खोल्या आहेत का, शिलालेख काय सांगतो, हे आधी पाहावे. बाबासाहेबांनी आपल्याला पुराव्याने बोलायला शिकवले आहे.

यासाठी धम्मलिपी शिकणे हा सर्वांत चांगला मार्ग. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ही लिपी उलगडली. सांचीच्या लहान लहान लेखांच्या शेवटी पुन्हा पुन्हा येणारी अक्षरे ‘दानं’ अशी वाचता आली आणि कुलूप उघडले. आपणही त्याच शब्दापासून सुरुवात करावी. रोज अर्धा तास दिला तर मूळ अक्षरे महिन्याभरात ओळखू येतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठी, पाली आणि प्राकृत या तिन्ही भाषांना एकाच वेळी अभिजात दर्जा मिळाला; या तिन्हींचे नाते लेण्यांच्या भिंतींवर वाचता येते.

हे टाळा

• भिंतीवर नाव, घोषणा किंवा ‘जय भीम’ लिहू नका. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने अजिंठ्याच्या १० क्रमांकाच्या लेण्यात स्वतःचे नाव आणि तारीख कोरली. तो आपला आदर्श नाही.
• लेण्यात मेणबत्ती, अगरबत्ती लावू नका. काजळी आणि धूर चित्रांचे नुकसान करतात. वंदना हात जोडून होते.
• फ्लॅश वापरू नका. चित्रांना हात लावू नका.
• संरक्षित स्मारकाचे नुकसान केल्यास १९५८च्या कायद्यानुसार, २०१०च्या दुरुस्तीनंतर, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

सहलीची तयारी

गटात ३० पेक्षा जास्त माणसे नकोत. निघण्यापूर्वी विहारात एक बैठक घ्या आणि प्रत्येकाला एक लेणे वाटून द्या. तिथे पोचल्यावर त्यानेच पाच मिनिटे माहिती सांगायची. गाइडची वाट पाहावी लागत नाही आणि मुले वाचून येतात. १५ वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत आहे. मोठ्यांचे ओळखपत्र बरोबर असावे. आया-बहिणींसाठी मजुरी बुडणार नाही अशी तारीख धरा. सोयाबीन काढणी आणि कापूस वेचणीचे दिवस टाळा. पाणी आणि भाकरी घरून न्या.

परत आल्यावर आठ दिवसांत विहारात दुसरी बैठक घ्या. जे आले नाहीत त्यांना, विशेषतः वृद्धांना, फोटो दाखवून सांगा. ज्या पाण्याला १९३४ मध्ये हात लावायची बंदी होती, त्याच वाटेने आपण आज मोकळेपणाने जातो. जाऊन आलेल्याने न गेलेल्याला सांगणे, एवढे तरी आपण केलेच पाहिजे.

नमो बुद्धाय. जय भीम.