वाचकाचे वय आणि 'श्यामा'चा खटला

एखाद्या संकेतस्थळावरील एक तृतीयांशाहून अधिक मजकूर अल्पवयीनांस अपायकारक अशा लैंगिक स्वरूपाचा असेल, तर वाचकाचे वय तपासूनच प्रवेश द्यावा, असा कायदा अमेरिकेतील टेक्सास राज्याने २०२३ साली केला. जून २०२५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. उल्लंघनासाठी दिवसाला १०,००० डॉलरपर्यंत दंड आहे. धाराशिवमध्ये मराठी साहित्य शिकवताना आम्हांस मात्र या प्रश्नाचे मूळ जुनेच वाटते.

भारतीय दंड संहितेच्या कलम २९३ नुसार वीस वर्षांखालील व्यक्तीस अश्लील वस्तू विकणे हा स्वतंत्र, अधिक शिक्षेचा गुन्हा होता. या मोजमापाने आमच्या बी. ए.च्या पहिल्या दोन वर्षांचा बहुतेक वर्ग 'तरुण व्यक्तीं'त मोडला असता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने ही मर्यादा अठरावर आणली.

अशा कोवळ्या वाचकाच्या नावाने झालेला मराठीतील महत्त्वाचा खटला चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा'चा. ही कथा 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली. खालच्या न्यायालयाने आरोपींस निर्दोष सोडले. उच्च न्यायालयाने मात्र लेखकास दोषी धरून २५ रुपये दंड केला. ऑगस्ट १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा रद्द केली. लैंगिकतेचा प्रत्येक उल्लेख किशोरांस अयोग्य मानला, तर त्यांच्या हाती केवळ धार्मिक ग्रंथच उरतील, असा न्यायालयाच्या युक्तिवादाचा आशय होता.

त्याच वर्षीच्या दुरुस्तीने साहित्य, कला व विज्ञान यांना लोकहिताच्या कसोटीवर संरक्षण दिले आणि शिक्षाही वाढवल्या.

दंड २५ रुपयांचा. पण तो पुसण्यास कथेच्या प्रकाशनापासून जवळजवळ सात वर्षे लागली. खरी किंमत दंडाची नसून वेळेची, वकिलांची आणि धास्तीची असते. वयपडताळणीचेही तसेच आहे. तिचा खर्च मोठी कंपनी पेलू शकते; लहान प्रकाशक जोखमीचा मजकूरच वगळतो. शिवाय 'रंभा'चा अंक घेणाऱ्यास दुकानदाराने ओळखपत्र मागितले नव्हते. आज वय सिद्ध करताना वाचकाची ओळखही कोठेतरी नोंदली जाण्याची शक्यता असते.

मुलांचे रक्षण व्हावे, याविषयी दुमत नाही. चित्रफीत आणि कथा एकच नव्हेत, हेही खरे. परंतु सर्वांत लहान वाचकास प्रमाण मानून सर्वांचे वाचन ठरवावे काय, या प्रश्नाला १९६९ मध्ये एका मराठी कथेच्या निमित्ताने 'नाही' असे उत्तर मिळाले होते. नवे कायदे वाचताना ते विस्मरणात जाऊ नये, एवढेच आमचे म्हणणे.