टॉर्ट कायदा सोप्या भाषेत : बार परीक्षेसाठी आणि घरासाठीही

आपल्या समाजातील बरीच मुलं-मुली आता एलएलबी करत आहेत. पुढे वकिली सुरू ठेवायची तर अखिल भारतीय बार परीक्षा पास व्हावी लागते. तिच्या १०० प्रश्नांपैकी ५ प्रश्न टॉर्ट, मोटार वाहन कायदा आणि ग्राहक संरक्षण कायदा या गटावर असतात. विषय लहान आहे, पण लॅटिन शब्द बघून उर्दू-मराठी माध्यमातली मुलं बिचकतात. बिचकायचं कारण नाही.

टॉर्ट म्हणजे काय?

मराठीत 'अपकृत्य'. करार नसला तरी दुसऱ्याचं नुकसान होऊ नये याची काळजी घेणं कायद्याने बंधनकारक असतं. ते मोडलं तर हर्जाना द्यावा लागतो. गुन्ह्यात सरकार खटला चालवतं आणि शिक्षा होते. टॉर्टमध्ये नुकसान झालेली व्यक्ती स्वतः भरपाई मागते. एकाच घटनेतून दोन्ही निघू शकतात. फिक्हमधली 'जमान' ही नुकसानभरपाईची कल्पना माहीत असेल, तर हे लवकर समजेल.

भारतात टॉर्टची एकत्र संहिता नाही. हा कायदा मुख्यतः निकालांतून घडला, म्हणून खटले लक्षात ठेवा.

हक्क आणि नुकसान

अ‍ॅशबी विरुद्ध व्हाइट (१७०३) : पात्र मतदाराला मत देऊ दिलं नाही. त्याचा उमेदवार निवडून आला, तरी हक्क मोडला म्हणून भरपाई मिळाली. याला 'इन्जुरिया सायनी डॅम्नम' म्हणतात.

ग्लॉस्टर शाळेचा खटला (१४१०) : शेजारी कमी फीची दुसरी शाळा निघाली आणि जुन्या शाळेचं उत्पन्न घटलं. नुकसान झालं, पण हक्क मोडला नाही, दावा फेटाळला. हे 'डॅम्नम सायनी इन्जुरिया'.

निष्काळजीपणा

तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : काळजी घेण्याचं कर्तव्य होतं, ते मोडलं, आणि त्यामुळेच नुकसान झालं. डोनोघ्यू विरुद्ध स्टीव्हन्सन (१९३२) हा पाया. जिंजर बिअरच्या बाटलीत गोगलगाय असल्याच्या तक्रारीवरून, उत्पादकाचं कर्तव्य थेट ग्राहकाशी असतं, हे ठरलं.

आपल्या जवळचा खटला म्हणजे अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९९६). औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात शस्त्रक्रियेनंतर टॉवेल पोटातच राहिला आणि महिलेचा मृत्यू झाला. सर्वोच्च न्यायालयाने शासनाला जबाबदार धरलं. यातून दोन तत्त्वं शिका. 'रेस इप्सा लोक्विटर' म्हणजे घटनाच निष्काळजीपणा सांगते. दुसरं, नोकराने कामात केलेल्या चुकीची जबाबदारी मालकावरही येते.

चूक नसतानाही जबाबदारी

रायलँड्स विरुद्ध फ्लेचर (१८६८) : धोकादायक वस्तू स्वतःच्या जागेत साठवली आणि ती बाहेर पडून नुकसान झालं, तर काळजी घेतली असली तरी जबाबदारी येते. मात्र दैवी आपत्तीसारखे अपवाद आहेत. दिल्लीच्या ओलियम वायुगळतीनंतर एम. सी. मेहता खटल्यात (१९८७) सर्वोच्च न्यायालयाने धोकादायक उद्योगांसाठी हे अपवादही काढले. हीच 'पूर्ण जबाबदारी'. या दोन खटल्यांतला फरक नीट लक्षात ठेवा.

बचाव

स्वखुशीने धोका पत्करला असेल तर 'व्होलेंटी नॉन फिट इन्जुरिया'. जखमीचाही निष्काळजीपणा असेल, तर भरपाई त्या प्रमाणात कमी होते.

घरच्यांनीही लक्षात ठेवा

अपघात झाला की आपण एफआयआर करतो आणि थांबतो. एफआयआरने आरोपीवर कारवाई होते, पण घरच्यांना भरपाई हवी तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात वेगळा अर्ज करावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनुसार त्याची मुदत अपघातापासून सहा महिने आहे. पैसे देऊन घेतलेल्या वस्तू-सेवेची तक्रार ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत करायची.

दवाखान्याची कागदपत्रं, बिलं, पंचनामा, पगाराचा पुरावा जपून ठेवा. कमावता माणूस गेल्यावर मुलांचं शिक्षण चालू राहणं कधी कधी याच कागदांवर ठरतं. तेव्हा घरात कायदा शिकणारं कोणी असेल, तर हा धडा त्यांनी परीक्षेपुरता न ठेवता मोहल्ल्यातही समजावून सांगावा.