ब्रॅमशॉटचे चर्च आणि अड्यार

थिऑसॉफिस्ट लेडबीटर ज्या खेड्यातल्या चर्चमधून मद्रासजवळच्या अड्यारला आले, ते इंग्लंडमधील हॅम्पशर परगण्यातल्या ब्रॅमशॉट गावचे सेंट मेरी चर्च. क्रुसाच्या आकाराची दगडी वास्तू. वेदीकडचा भाग तेराव्या शतकातला. पहिल्या महायुद्धात गावाजवळच्या माळावर कॅनडाच्या फौजेची छावणी पडली होती. चर्चच्या आवारात त्या सैनिकांच्या तीनशेहून अधिक कबरी आहेत. त्यांतले बरेच जण लढाईत नव्हे, तर १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत दगावले.

चार्ल्स वेब्स्टर लेडबीटर यांना १८७९ मध्ये अँग्लिकन पाद्रीपदाची दीक्षा मिळाली. ब्रॅमशॉटला ते साहाय्यक पाद्री होते; मुख्य पाद्री इतिहासकार विल्यम वुल्फ केप्स हे त्यांचे नातलगच. १८८३ मध्ये लेडबीटर थिऑसॉफिकल सोसायटीचे सभासद झाले आणि पुढच्याच वर्षाच्या अखेरीस चर्चची चाकरी सोडून सोसायटीच्या एक संस्थापक मॅडम ब्लॅव्हॅट्स्कींबरोबर मद्रासला आले. सोसायटीने अड्यार नदीकाठी हडलस्टन गार्डन्स हा बागबंगला १८८२ मध्येच घेतला होता. तिथल्याच समुद्रकिनाऱ्यावर १९०९ मध्ये लेडबीटरांची नजर चौदा वर्षांच्या जे. कृष्णमूर्तींवर, पुढे तत्त्वचिंतक म्हणून ओळखल्या गेलेल्या मुलावर, पडली.

अँग्लिकन पाद्रीपण सुटले, तरी उपासनाविधींची ओढ सुटली नाही.

१९१६ मध्ये सिडनीत ते लिबरल कॅथलिक चर्चचे बिशप झाले. हा पंथ अँग्लिकन नाही आणि रोमच्या पोपलाही मानत नाही. अड्यारच्या आवारात त्याचे लहानसे चर्च असून, हिंदू मंदिर, बौद्ध देवालय, मशीद आणि पारशांचे प्रार्थनास्थळही तिथेच झाडीत विखुरलेले आहे. — संपा.