सावली काळी नसते

सावलीचा रंग कोणता, असे कुणालाही विचारा. उत्तर येईल, काळा. शाळेतल्या चित्रकलेच्या तासाला आपण सगळ्यांनी झाडाखाली काळी पेन्सिल घासूनच सावली काढलेली आहे. आपण सावली पाहून काढत नव्हतो, सावली काळी असते हे माहीत होते म्हणून काढत होतो. पाहणे आणि माहीत असणे यांतल्या या फरकावरून दीडशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये मोठे रामायण घडले.

काही वर्षांपूर्वी एका लग्नाच्या निमित्ताने बोरगावला जाणे झाले. नागपूरहून सावनेरमार्गे छिंदवाड्याकडे जाताना महाराष्ट्राची हद्द ओलांडली की सौंसरच्या परिसरात हे गाव आहे. राज्य मध्य प्रदेश, जिल्हा 2023 पासून पांढुर्णा, आणि घराघरात बोली मात्र मराठी. तुळशीचे लग्न होऊन गेलेले, शेतात कापूस फुटलेला. आमच्या गोव्याच्या तांबड्या मातीवर आणि माडांच्या गर्दीत सावली सहसा अशी मोकळी सापडत नाही. तिथे पांढऱ्या कापसावर पडलेली सावली चक्क निळसर दिसत होती. कारण सोपे आहे. सावलीत सूर्याचा थेट उजेड पोचत नाही, पण निळ्या आभाळाचा पोचतो. पांढऱ्या वस्तूवर तो लगेच कळतो.

हेच मॉने, पिसारो, सिसली, रेन्वार या मंडळींनी रंगवले आणि लोक त्यांना हसले.

ते असे एकाएकी घराबाहेर का पडले? त्यालाही कारणे होती. जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने 1841 साली रंगासाठी दाबता येणारी कथलाची नळी काढली. त्याआधी तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवावा लागे, तो घेऊन हिंडणे जिकिरीचे. नळी आली, रेल्वे आली, आणि पॅरिसचा चित्रकार सकाळी निघून संध्याकाळपर्यंत नदीकाठचे चित्र करून परत येऊ लागला. शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाने 1839 सालच्या ग्रंथात दाखवून दिले होते की शेजारी ठेवलेले रंग एकमेकांचे रूप बदलतात. जपानी छापचित्रे युरोपात येत होती. हुबेहूब नोंद करण्याचे काम कॅमेऱ्याने हाती घेतले होते. उघड्यावर बसायचे तर घाई करावी लागते, कारण उजेड थांबत नाही. म्हणून फटकारे मोकळे, सुटे. चित्राचा विषय झाड किंवा नदी राहिला नाही, त्या घडीचा उजेड हाच विषय झाला.

त्या काळी फ्रान्समध्ये चित्रकाराचे नशीब सलोन नावाच्या सरकारमान्य प्रदर्शनात ठरे. 1863 साली परीक्षकांनी इतकी चित्रे नाकारली की खुद्द तिसऱ्या नेपोलियनला नाकारलेल्यांचे वेगळे प्रदर्शन भरवायला सांगावे लागले. तिथे लोक आले ते बहुतेक हसायलाच. अखेर 15 एप्रिल 1874 रोजी तीसएक चित्रकारांनी नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत स्वतःच्या खर्चाने प्रदर्शन मांडले. मॉनेने 1872 साली केलेले ल हाव्र बंदराचे पहाटेचे चित्र त्यात होते, नाव ‘इंप्रेशन, सनराइज’. लुई लरुआ या पत्रकाराने एका विनोदी पत्रात या नावावरून सगळ्यांचीच टर उडवली. भिंतीला चिकटवायचा अर्धवट छापलेला कागदही यापेक्षा पुरा वाटतो, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. त्या टवाळीतलाच शब्द पुढे चळवळीचे नाव झाला. आपल्या मराठीत त्याला दृक्प्रत्ययवाद म्हणतात. दोन वर्षांनी, 1876 च्या प्रदर्शनावर लिहिताना आल्बेर वोल्फ या वजनदार समीक्षकाने पिसारोला कुणीतरी समजावा की झाडे जांभळी नसतात, अशा अर्थाचे लिहिले. वोल्फ आंधळा नव्हता. झाडाचा रंग त्याला आधीच माहीत होता, एवढेच.

1886 पर्यंत अशी आठ प्रदर्शने झाली. त्याच वर्षी द्युराँ-र्‍युएल या व्यापाऱ्याने चित्रे न्यूयॉर्कला नेली आणि गिऱ्हाईक मिळू लागले. पण सगळ्यांच्या नशिबी ते नव्हते. सिसली 1899 साली गरिबीत वारला. पुढच्याच वर्षी त्याचे पुराच्या पाण्याचे एक चित्र 43,000 फ्रँकला विकले गेले.

आता आपल्याकडे काय चालले होते? मॉने आणि राजा रविवर्मा एकाच पिढीतले. रविवर्म्यांना 1873 साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनात पारितोषिक मिळाले, म्हणजे पॅरिसच्या त्या गाजलेल्या प्रदर्शनाच्या आदल्या वर्षी. 1857 साली सुरू झालेल्या मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये प्लास्टरचे पुतळे समोर ठेवून रेखाटन शिकवले जाई. उजेडाचे हे वारे इकडे यायला अर्धे शतक गेले, आणि ते आले तेही निरनिराळ्या वाटांनी.

एक वाट इंदूरची. होळकरांच्या या शहरात 1927 साली दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी कलाशाळा सुरू केली. नारायण श्रीधर बेंद्रे, विष्णू चिंचाळकर, काही काळ मकबूल फिदा हुसेन, ही सगळी त्यांच्या हाताखालची मंडळी. या शाळेच्या निसर्गचित्रांतला मोकळा फटकारा आणि उन्हाची जाण जाणकार आजही वाखाणतात. दुसरी वाट मुंबईची. 1936 साली चार्ल्स जेरार्ड जे. जे. चे संचालक झाले आणि शाळेत नव्या युरोपीय चित्रकलेची चर्चा सुरू झाली. नाझींमुळे व्हिएन्ना सोडून आलेले वॉल्टर लँगहॅमर टाइम्स ऑफ इंडियात कलासंचालक झाले, त्यांच्या घरी तरुण चित्रकार जमू लागले. तिसरी वाट नागपूरची. मंडला जिल्ह्यातला सय्यद हैदर रझा आणि अमरावतीच्या तळेगाव दशासरचा हरी अंबादास गाडे, दोघेही नागपूरच्या कलाशाळेतून पुढे मुंबईच्या वर्तुळात आले. बोरगावच्या आजूबाजूचाच हा सारा मुलूख. त्यांची सुरुवातीची निसर्गचित्रे पाहिली तर उन्हाशी चाललेली झटापट दिसते.

पण एक गंमत आहे. या उजेडाच्या चित्रांना इकडे कुणी फारसे हसले नाही. बेंद्र्यांना तर बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. आपली नजर पॅरिसपेक्षा तयार होती म्हणून नव्हे. ही शैली आपल्याकडे पोचली तेव्हा तिच्यावर युरोपातल्या संग्रहालयांचा शिक्का बसलेला होता. वाद आधीच तिकडे मिटला होता, आपल्याला निकाल तेवढा मिळाला.

आपली खरी परीक्षा पुढे झाली, आणि ती एका गोंयकारानेच घेतली. साळगावचा फ्रान्सिस न्यूटन सोझा. 1947 साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला तो त्याच्या पुढाकाराने. रझा, गाडे, हुसेन, आरा आणि बाकरे हे त्यातले बाकीचे पाच. त्या चित्रांवर कुठलाच शिक्का नव्हता. 1949 साली सोझाच्या चित्रांविरुद्ध अश्लीलतेची तक्रार झाली, पोलिसांनी घराची झडती घेतली, आणि त्याच वर्षी तो लंडनला निघून गेला. त्याचे 1955 सालचे ‘बर्थ’ हे चित्र 2015 साली न्यूयॉर्कच्या लिलावात चाळीस लाख डॉलरवर गेले. सोझा तेरा वर्षांपूर्वीच, 2002 साली, मुंबईत वारला होता.

लिलावाचा आकडा छापून आला की आपण अभिमानाने म्हणतो, आमच्या साळगावचा! सिसलीच्या चित्राचा भाव चढला तेव्हा पॅरिसकरही असेच म्हणाले असतील. न पाहता हसण्याची किंमत हसणारा कधीच देत नाही, ती चित्रकार देतो. म्हणून वाचकहो, पुढच्या खेपेला पणजीत एखाद्या प्रदर्शनात जांभळे झाड दिसले तर एवढेच करा. हसू आले तरी पाच मिनिटे तिथेच थांबा, मग बाहेर येऊन रस्त्यावरच्या झाडाकडे एकदा बघा. त्यानंतरही हसावेसे वाटले तर खुशाल हसा.