विहिरीवरचें रुसलेलें एंजिन

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यांतील कडा हा अवर्षणाचा मुलूख. येथील बागायतीचें भवितव्य विहिरीवर अवलंबून. पूर्वीं ह्या विहिरींवर मोट चाले. धावेवरून बैल उतरत, नाडा ताणला जाई आणि थारोळ्यांत पाणी पडे. मोट थांबली तर कारण डोळ्यांस दिसे: बैल थकला, नाडा तुटला किंवा कातडें फाटलें. पुढें तेलाचें एंजिन आलें, आणि शेतकऱ्यास न दिसणाऱ्या कारणाचा शोध घ्यावा लागला.

ह्या यंत्राचें मूळ जर्मनींत आहे. रुडॉल्फ डीझेल ह्यांस १८९३ सालीं आपल्या कल्पनेचें पेटंट मिळालें व १८९७ सालीं ऑग्सबर्ग येथें त्यांचें एंजिन यशस्वी ठरलें. त्याचें मर्म असें कीं, तेल पेटविण्यास ठिणगी लागत नाहीं. हवा जोरानें दाबली म्हणजे ती इतकी तापते कीं, तींत उडविलेलें तेल आपोआप पेट घेतें. पुण्यास १९४६ सालीं किर्लोस्कर ऑईल एंजिन्स ही कंपनी निघाली; पुढें महाराष्ट्राच्या मळ्यामळ्यांतून एंजिनाचा ठोका ऐकूं येऊं लागला.

परंतु ऐन चैत्रांत एंजिन रुसलें म्हणजे घरादाराच्या तोंडचें पाणी पळे. हँडल मारून खांदे भरून येत, आणि इकडे उभें पीक माना टाकी. उतावीळ मनुष्य अशा वेळीं पान्हा घेऊन दिसेल तो नट खोली. जाणता मात्र क्रमानें चाले. टांकींत तेल आहे काय? कॉक उघडा आहे काय? गाळणींत कचरा तुंबला आहे काय? टांकी एकदां कोरडी पडली कीं नळींत हवा शिरते. हवा दबते, तेल दबत नाहीं. म्हणून पंपाचा जोर नोझलपर्यंत पोंचत नाहीं. अशा वेळीं नळीचा नट किंचित् सैल करावा, बुडबुडे थांबेपर्यंत तेल वाहूं द्यावें व नट पुन्हां आवळावा. मग दाबाची परीक्षा. चाक हातानें सावकाश फिरविलें असतां तें अडून मागें रेटलें पाहिजे. सहज फिरलें तर व्हाल्व नीट बसत नाहीं किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्या, असें समजावें. मिस्त्रीस बोलावणें धाडावयाचें तें येथें, त्यापूर्वीं नव्हे.

अक्षरशत्रु शेतकऱ्यांनींहि हा क्रम आत्मसात् केला. बैलाचें दुखणें ओळखणारा हात यंत्राची नाडी पाहूं लागला, आणि बापाची ही विद्या मुलाकडे आली.

पुढें १९७२ चा दुष्काळ पडला. मराठवाड्यांतील असंख्य विहिरींनीं तळ गांठला. कांठावरचीं एंजिनें धडधाकट होतीं. परंतु उपसावयास पाणीच नव्हतें, आणि बागायतदारहि खडी फोडावयास गेले. त्यानंतर विजेच्या मोटारी आल्या, एंजिनें मागें पडलीं. तो क्रम मात्र आजहि उपयोगी आहे. दुष्काळानें त्यांत एका प्रश्नाची भर घातली, आणि तो सर्वांच्या आधीं विचारावयाचा आहे: विहिरींत पाणी किती?